गुनपेई योकोई: स्वस्त चिपमधून खेळ काढणारा इंजिनिअर

सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो साधारण १०० केबीचा असतो. १९८९ साली गेम बॉयवर आलेला अख्खा टेट्रिस ३२ केबीचा होता. म्हणजे एका फुलांच्या फोटोच्या जागेत तीन टेट्रिस बसतात. आणि आज काही कन्सोल गेम १०० जीबीच्याही पुढे गेलेत.

ऑफिस सुटल्यावर मी दोन्ही खेळतो. टीव्हीला नवा कन्सोल जोडलेला आहे आणि जुने गेम बॉयचे गेमही अधूनमधून काढतो. नव्या कन्सोलचं मला कौतुक आहेच. पावसात भिजलेला रस्ता चमकताना दिसला की मी अजूनही गाडी थांबवून बघत बसतो. पण बऱ्याचदा होतं असं की खेळायला बसलो की आधी अपडेट, मग लॉगिन, मग लोडिंग, आणि खेळ सुरू होईपर्यंत जेवायची हाक येते. जुना गेम बटन दाबलं की काही सेकंदांत सुरू होतो आणि मला कामाला लावतो.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा लहानपणच्या आठवणींचा खेळ आहे. थोडाफार आहेच. शिवाय सगळे जुने गेम चांगले होते असंही नाही. कित्येकांत सेव्ह करायची सोय नव्हती, कित्येक उगाच अवघड होते, आज दहा मिनिटांत कंटाळा येतो. पण माझ्या जन्माआधीचे, लहानपणी मी कधी पाहिलेही नाहीत असे काही गेम आजही मला धरून ठेवतात. तिथे आठवणींचं उत्तर पुरत नाही. तिथे काहीतरी वेगळंच काम करतंय.

ते काय आहे हे समजून घ्यायचं तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. गुनपेई योकोई. नाव कदाचित ऐकलं नसेल, पण गेम खेळताना अंगठ्याखाली जे अधिक चिन्हाच्या आकाराचं बटन येतं, ते त्यांचं.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल शाखेची पदवी घेतली. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत काही जमलं नाही आणि १९६५ साली ते गावातल्याच एका कंपनीत लागले. ती कंपनी म्हणजे निन्टेंडो.

पण तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी. १८८९ पासून त्यांचा मुख्य धंदा हानाफुदा नावाच्या फुलांच्या चित्रांच्या जपानी पत्त्यांचा. योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिन नीट चालताहेत ना हे बघायचं. डिग्री इंजिनिअरिंगची आणि काम देखभालीचं.

हे वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. माझ्या पहिल्या नोकरीत मी दीड वर्ष सपोर्ट प्रोजेक्टवर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडवर लक्ष ठेवायचं, काही बिघडलं तरच आपली गरज. अशा नोकरीत वेळ भरपूर असतो आणि तो कसा घालवायचा हाच प्रश्न असतो.

योकोईंनी त्या वेळात कारखान्यातल्याच अवजारांवर स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. कात्रीसारख्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या, मूठ दाबली की पुढे लांब जाऊन वस्तू पकडणारा हात. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत असताना त्यांच्या नजरेला ते पडलं. कामाच्या वेळेत खेळणं बनवलं म्हणून आता बोलणी बसणार असं योकोईंना वाटलं होतं. यामाउचींनी सांगितलं की हेच नीट बनव, आपण विकू. १९६६ मध्ये अल्ट्रा हँड या नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. पत्त्यांच्या मशिनपासून योकोईंची सुटका झाली. त्यांना नवी खेळणी बनवायच्या कामाला लावलं गेलं.

साधी वस्तू, दुसरा उपयोग

पुढच्या काही वर्षांतली त्यांची खेळणी बघितली की एक पद्धत लगेच लक्षात येते.

१९६९ साली त्यांनी लव्ह टेस्टर काढला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात धातूचा एकेक गोळा पकडायचा आणि मीटरचा काटा तुमचं प्रेम किती ते दाखवणार! आत काय होतं? अंगातून जाणारा अगदी बारीक विद्युतप्रवाह मोजणारं साधं सर्किट. तळहाताला घाम आला की प्रवाह जास्त वाहतो आणि काटा पुढे सरकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बसेल एवढंच तंत्रज्ञान. लोक विकत घेत होते ते हात धरायचं निमित्त.

मग आल्या प्रकाशाच्या बंदुका. निशाण्याच्या जागी छोटा सोलर सेल बसवलेला. बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघतो, तो सेलवर पडला की वीज तयार होते आणि निशाणा लागल्याचं कळतं. सोलर सेल वीज बनवण्यासाठी असतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो गोळी लागली का हे सांगू शकतो, हा विचार वेगळा होता.

योकोईंच्या या पद्धतीला त्यांनीच एक नाव दिलं. जपानी शब्दांचा अर्थ होतो वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. वाळलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. जे तंत्रज्ञान जुनं झालंय, ज्यातले दोष सगळ्यांना कळलेत, जे स्वस्त झालंय आणि कुठेही मिळतं, ते. मराठीत याला मी मुरलेलं तंत्रज्ञान म्हणेन, लोणचं मुरतं तसं. आणि आडवा विचार म्हणजे ती वस्तू ज्या कामासाठी बनली, ते सोडून दुसऱ्याच कामाला लावणं.

ट्रेनमधला कॅल्क्युलेटर

१९७० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. योकोई बुलेट ट्रेनने जात होते. समोर एक नोकरदार माणूस कंटाळून खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटनं उगाच दाबत बसला होता. वेळ घालवायला. योकोईंच्या डोक्यात आलं की या माणसाला एवढ्याच आकाराचा, कुणाच्या नजरेत न येणारा खेळ दिला तर?

त्यानंतर एकदा यामाउचींचा ड्रायव्हर रजेवर होता. त्यांची गाडी परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. ती चालवता येणारे योकोई होते, म्हणून त्यांना बोलावलं. वाटेत नुसतं गप्प काय बसायचं, म्हणून त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. यामाउचींनी ऐकून घेतलं, फारसं काही बोलले नाहीत. पण पुढे काही दिवसांतच कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीची माणसं निन्टेंडोत हजर झाली.

कॅल्क्युलेटरच का? तेव्हा जपानी कंपन्यांत कॅल्क्युलेटरच्या किमती पाडण्याची चुरस लागली होती. त्यामुळे त्यातली चिप आणि एलसीडी स्क्रीन खूप स्वस्त झाली होती. म्हणजे तंत्रज्ञान पुरेसं मुरलं होतं. २८ एप्रिल १९८० ला गेम अँड वॉच मालिकेतला पहिला खेळ आला, बॉल. दोन हातांनी चेंडू झेलत राहायचे, बस्स. खेळत नसाल तेव्हा तेच यंत्र घड्याळ.

याच्या स्क्रीनची गंमत समजून घ्या. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर लाखो ठिपके असतात आणि त्यातून कुठलंही चित्र बनतं. गेम अँड वॉचमध्ये ठिपके नव्हतेच. माणसाचा हात ज्या ज्या जागी दिसायला हवा, त्या प्रत्येक जागेचा आकार काचेत आधीच बनवून ठेवलेला. चिप फक्त कुठला आकार दाखवायचा आणि कुठला लपवायचा एवढंच ठरवते. कॅल्क्युलेटरवरचा आठ आकडा सात कांड्यांनी बनतो, अगदी तसंच.

आपल्याकडे जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात ९९९९ गेम लिहिलेला ब्रिक गेम मिळायचा, आठवतो? तोही याच तत्त्वावर चालायचा. उभे २०, आडवे १० असे दोनशे चौकोन काचेत आधीच बनवलेले. तो निन्टेंडोचा नव्हता, योकोईंचाही नव्हता. पण कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर खेळ चालू शकतो हे आधी कुणीतरी दाखवून दिलं होतं. गेम अँड वॉच मालिकेची जगभरात ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली.

अंगठ्याखालचं बटन

१९८१ मध्ये निन्टेंडोसमोर पेच होता. अमेरिकेत रडार स्कोप या आर्केड गेमची यंत्रं विकली न जाता पडून होती. ती भंगारात न काढता त्यांच्यावरच नवा गेम चढवायचं ठरलं. काम दिलं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला, आणि देखरेखीला योकोई. त्यातून निघाला डाँकी काँग, आणि त्याच गेममध्ये पुढे मारिओ नावाने ओळखला जाणारा मिशीवाला पहिल्यांदा उडी मारताना दिसला.

पुढच्या वर्षी डाँकी काँग गेम अँड वॉचवर आणायचा होता. यंत्र पुस्तकासारखं मिटणारं, दोन स्क्रीनचं. यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे जायचं. आर्केडसारखा दांडा लावला तर यंत्र मिटणार कसं? चार वेगळी बटनं लावली तर प्रत्येक वेळी खाली बघावं लागणार.

योकोईंनी चारही दिशा प्लास्टिकच्या एकाच तुकड्यात घातल्या. मधोमध खाली टेकू, चार टोकांखाली चार संपर्क. एक बाजू दाबली की समोरची बाजू आपोआप उचलली जाते, म्हणून डावं आणि उजवं एकदम दाबलं जात नाही. अंगठ्याला कडा जाणवतात, त्यामुळे नजर स्क्रीनवरून हलवावी लागत नाही. १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलच्या रिमोटवर हेच बटन आलं. आपण ज्यांच्यावर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळलो, कॅसेट फुंकून घातली, ते टीव्ही गेम याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. आज कुठल्याही मोठ्या कन्सोलचा कंट्रोलर हातात घ्या, हे बटन किंवा त्याचं भावंड डाव्या बाजूला सापडेल.

फोनवर गेम खेळताना काचेवर काढलेल्या बटनावरून अंगठा घसरतो आणि आपण मरतो ना, तेव्हा योकोईंनी नक्की कुठला प्रश्न सोडवला होता ते कळतं.

रंग नसलेला गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला. तो एकट्या योकोईंचा नव्हता. त्यांच्याच विभागातले इंजिनिअर सातोरू ओकादा यांचा त्यात फार मोठा वाटा होता. पण यंत्राचा स्वभाव योकोईंच्या पद्धतीचाच.

आकडे बघा. स्क्रीन १६० गुणिले १४४, म्हणजे २३,०४० ठिपके. १०८० गुणिले २४०० च्या साध्या फोनच्या स्क्रीनवर याच्या शंभर पटींहून जास्त ठिपके असतात. मुख्य रॅम ८ केबी. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा. आतून उजेडही नाही, त्यामुळे रात्री दिव्याखाली बसून खेळायचं.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांचे स्क्रीन रंगीत, आतून उजळणारे. कागदावर तुलना केली तर गेम बॉय हरलेलाच. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत ते संपायचे. गेम बॉयला चार सेल पुरायचे आणि ते दहा तासांच्या पुढे सहज जायचे. शिवाय तो स्वस्त होता आणि पडला तरी चालायचा. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला याहून मोठं स्पेसिफिकेशन कुठलं?

आणखी एक छोटी सोय होती. केबल लावून दोन गेम बॉय जोडता येत. सातोशी ताजिरी यांना त्या केबलवरून किडे इकडून तिकडे जाताहेत असं कल्पनेत दिसलं आणि त्यातून १९९६ साली पोकेमॉन आला. तोपर्यंत गेम बॉय सात वर्षांचा म्हातारा झाला होता, आणि त्याच म्हाताऱ्यावर जग पुन्हा वेडं झालं. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले.

जिथे गणित चुकलं

इथपर्यंत वाचून वाटेल की स्वस्त आणि जुनं वापरलं की यश ठरलेलं. तसं नाही. योकोईंच्याच आयुष्यात त्याचा पुरावा आहे.

१९९५ मध्ये त्यांचा व्हर्च्युअल बॉय आला. डोळ्यांना लावून त्रिमितीय खेळ दाखवणारं यंत्र. तंत्र हुशारीचं होतं. प्रत्येक डोळ्यासमोर लाल एलईडीची एकच उभी रांग, आणि वेगाने थरथरणारा आरसा ती रांग पसरवून पूर्ण चित्र बनवणार. रंग लालच का? कारण लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे. म्हणजे इथेही मुरलेलंच तंत्रज्ञान.

पण यंत्र टेबलावर ठेवायचं, वाकून त्यात तोंड खुपसायचं आणि काळ्या अंधारात लाल रेघा बघायच्या. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नाही. अनेकांनी डोकं आणि डोळे दुखत असल्याची तक्रार केली. सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रं विकली गेली आणि वर्षभराच्या आत ते बंद पडलं.

मला यातून जे दिसतं ते असं. गेम अँड वॉचच्या मागे ट्रेनमधला एक कंटाळलेला माणूस होता. गेम बॉयच्या मागे सेल विकत घेताना घरच्यांची परवानगी लागणारी मुलं होती. व्हर्च्युअल बॉयच्या मागे असा कुणी माणूस दिसत नाही. तो कुठे बसून खेळणार, किती वेळ, कुणासोबत, याला उत्तरच नव्हतं. योकोईंची खरी ताकद जुन्या चिपमध्ये नव्हती, ती त्या माणसाकडे नीट बघण्यात होती.

शेवटचं वर्ष

१९९६ मध्ये पेन्सिल सेलपेक्षा बारीक अशा दोन सेलवर चालणारा गेम बॉय पॉकेट आला आणि ऑगस्टमध्ये एकतीस वर्षांची नोकरी सोडून योकोई बाहेर पडले. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावं लागलं असं जगभर लिहिलं गेलं. त्यांनी स्वतः ते नाकारलं होतं. पन्नाशी उलटल्यावर स्वतःचं काही करायचं हे त्यांच्या मनात आधीपासून होतं. त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या कन्सोलवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा प्रांतातल्या महामार्गावर त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. ते ५६ वर्षांचे होते.

तो कन्सोल मार्च १९९९ मध्ये वंडरस्वान या नावाने आला. एका पेन्सिल सेलवर तो तीस तासांच्या आसपास चालायचा. आडवा धरून खेळता यायचा आणि उभाही, आज आपण फोन धरतो तसा. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला योकोईंच्या आठवणीत नाव दिलं, गनपे. २००३ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

मग आपण काय घ्यायचं?

२०१७ चा निन्टेंडो स्विच उघडून बघितला तर आत २०१५ ची, मोबाईल यंत्रांसाठी बनलेली चिप सापडते. प्रतिस्पर्धी फोर के च्या मागे असताना त्यांनी टीव्हीवरचा गेम उचलून तसाच बसमध्ये न्यायची सोय दिली. १५ कोटींहून जास्त स्विच विकले गेले. योकोईंना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण पद्धत जिवंत होती.

मी हे लिहितोय त्याला कारण आहे. दर आठवड्याला कुणीतरी मला विचारतं की दादा, गेमिंगसाठी कुठला फोन घेऊ, हप्त्यावर चालेल. प्रोसेसरचा नंबर, रिफ्रेश रेट, रॅम किती जीबी, सगळं त्याला पाठ असतं. तो कुठला गेम खेळणार, किती वेळ, हे मात्र ठरलेलं नसतं. पैसे साठले असतील तर नवा फोन, नवा कन्सोल खुशाल घ्या, मजा आहेच त्यात. पण हातातला फोन साधा आहे म्हणून खरा गेमर होता येत नाही, हे मनातून काढून टाका. २३,०४० ठिपक्यांवर लोकांनी वर्षानुवर्षं जीव टाकलाय.

आणि तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताय, ॲप किंवा गेम बनवायचं म्हणताय, त्यांनी तर योकोई लक्षात ठेवायलाच हवेत. भारी लॅपटॉप आणि नवं गेम इंजिन येईपर्यंत थांबू नका. आधी एक माणूस शोधा. विरार लोकलमध्ये उभा असलेला, एसटीची वाट बघणारा, हॉस्टेलमध्ये नेट गेलेला. त्याच्याकडे किती मिनिटं आहेत, एक हात मोकळा आहे की दोन, फोनची बॅटरी किती उरलीय, ते बघा. मग तुमच्याकडे आज जे आहे त्यातून त्याच्यासाठी काय बनतं, ते करून बघा.